बाबांनी गेम अर्ध्यावर सोडला

सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ३१, खासगी ऑफिसात हिशेबाचं काम. शाळेत असल्यापासून त्यांना पॉइंट-अँड-क्लिक ॲडव्हेंचर गेमची गोडी आहे. म्हणजे चित्रातल्या वस्तूंवर बोट ठेवायचं, सापडेल ते झोळीत टाकायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं आणि कोडी सोडवत गोष्ट पुढे न्यायची, असे खेळ. आता त्या हे सगळं फोनवर खेळतात आणि भावंडं-मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर रविवारी एका गेमबद्दल मराठीत लिहितात. त्यांचे वडील एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. पावसाळ्यात ओल्या पायरीवरून घसरून त्यांच्या पायाचं हाड मोडलं, सहा आठवड्यांचं प्लास्टर आहे. वेळ जावा म्हणून ताईंनी आपला सगळ्यात लाडका गेम, 'थिंबलवीड पार्क', त्यांच्या टॅबवर घालून दिला. तिसऱ्या दिवशी बाबांनी टॅब बाजूला ठेवला आणि म्हणाले, "तुझा गेम मला अडाणी ठरवतो." धाकट्या भावाचं म्हणणं, वॉकथ्रू, म्हणजे सगळी उत्तरं पायरीपायरीने सांगणारी माहिती, बघून खेळावं की. ताईंना ती फसवणूक वाटते. आई म्हणते, आता बाबांनाही मोबाइलचं वेड लावू नकोस. ताई विचारतात: बाबांकडे चिकाटीच उरली नाही का? त्यांना दुसरं काय सुचवू? आणि घरातल्या माणसाला धड एक गेम सुचवता येत नसेल, तर ग्रुपवर लिहिणं बंद करू का?

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती 'चिकाटी' या शब्दापाशी. वाहतूक नियंत्रकाचं काम तुम्ही लहानपणापासून पाहिलं आहे. पहाटेची गाडी बंद पडलेली, एक चालक आजारी, वाहक रजेवर, फलाटावर लग्नाचं वऱ्हाड उभं, आणि हातात एक वही, एक फोन आणि डेपोतली एक जादा गाडी. जे हाताशी आहे ते कशाला जोडलं तर वाट निघेल, हा हिशेब बाबांनी रोज केला. ॲडव्हेंचर गेम दुसरं काय मागतो? दोर, बादली आणि किल्ली जवळ आहे, दार बंद आहे, बघ काय करता येतं. म्हणून बाबांना चिकाटी नाही, हे काही मला पटत नाही. ते अडकले, हे खरं. कशात अडकले, ते मात्र तुम्ही त्यांना विचारलेलं पत्रात कुठे दिसलं नाही.

'थिंबलवीड पार्क' मलाही फार आवडतो, म्हणून हे मी मायेने लिहिते आहे. २०१७ मध्ये तो आला. केला कुणी, तर रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक यांनी, ज्यांनी १९८७ मध्ये 'मॅनिअक मॅन्शन' केला होता. त्या काळचे गेम ज्यांनी जीव लावून खेळले त्यांना उद्देशून लिहिलेलं ते पत्रच आहे म्हणा ना. पडद्याच्या खाली नऊ क्रियापदं मांडलेली: उघड, बंद कर, दे, उचल, बघ, बोल, ढकल, ओढ, वापर. आधी क्रियापदावर बोट, मग वस्तूवर बोट. पुढे पाच पात्रं आळीपाळीने चालवायची. गावातला शेरीफ, प्रेतं तपासणारा आणि हॉटेलचा मॅनेजर दिसायला जवळजवळ एकच माणूस, फक्त प्रत्येकाच्या बोलण्याला वेगळं शेपूट लावलेलं. हा विनोद इंग्रजी कानाला ऐकू येतो तेव्हाच कळतो. तुम्हाला तो पहिल्या मिनिटाला कळला असेल, कारण तुम्ही पंधरा वर्षं या वाटेने चालत आला आहात. बाबांना मात्र शेवटच्या स्टॉपवर नेऊन सोडलंत आणि गावाचं नावही सांगितलं नाही. शिवाय सुरुवातीला हा गेम विचारतो, सोपा खेळायचा की अवघड. तुम्ही स्वतःच्या सवयीने 'अवघड' निवडून दिलंत का, हे एकदा आठवून बघा.

भाषेचा अडसर किती खोल असू शकतो याचं एक उदाहरण या खेळांची आवड असलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. १९९१ च्या 'मंकी आयलंड २' मध्ये एका ठिकाणी पंप फिरवून धबधबा बंद करायचा असतो. त्यासाठी लागतं एक माकड. त्याला संमोहित करून झोळीत घालायचं आणि पाना म्हणून वापरायचं. का, तर अमेरिकेत त्या जातीच्या पान्याला 'मंकी रेंच' म्हणतात. ब्रिटनमध्ये लोक 'स्पॅनर' म्हणतात, तेव्हा तिथले इंग्रजी बोलणारे खेळाडूसुद्धा इथे डोकं आपटत बसले. एसटीच्या डेपोत आयुष्य काढलेल्या माणसाला पाना कळतो, माकडही कळतं. या दोन्हींचा संबंध त्याने कुठून काढायचा? आणि तो नाही सुचला म्हणून स्वतःला अडाणी का म्हणायचं?

आणखी एक गोष्ट, जरा नाजूक आहे. बाबा सध्या उठायला, बसायला, पाणी घ्यायला दुसऱ्यावर अवलंबून आहेत. ज्याच्या सहीशिवाय डेपोतून गाडी हलत नव्हती, तो माणूस एका खाटेवर अडकलाय. अशा वेळी हातात आलेला खेळही 'तू अडकलास' असंच सांगायला लागला, तर तो बाजूला ठेवणं ही माघार नाही. मला तर ते शहाणपण वाटतं. आणि खरं सांगू, त्यांना कोणताच गेम नको असेल हीसुद्धा एक शक्यता आहे. रेडिओ, पेपर आणि संध्याकाळी भडंग खायला येणारे डेपोतले दोन मित्र एवढंच हवं असेल. तसं असेल तर त्यात तुमच्या आवडीचा काही अपमान नाही.

पण तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय की ते रोज पेपरातलं शब्दकोडं पेन्सिलीने सोडवतात आणि अडलं की आईला हाक मारतात. हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

शब्दकोड्यात आडवा शब्द सुटला की त्यातलं एक अक्षर उभ्या शब्दाला मिळतं. ही हिंटच असते. आईने "अहो, नदीचं नाव असेल" म्हटलं, तीही हिंट. उत्तर दुसऱ्या दिवशीच्या अंकात छापलेलं असतं, आणि ते बघून बाबांना कधी फसवल्यासारखं वाटलेलं नाही. मग टॅबवरच हा नियम का बदलावा? या खेळांच्या सुरुवातीच्या काळातही मदत घेणं हा खेळाचाच भाग होता. १९८० च्या दशकात इन्फोकॉम ही अमेरिकी कंपनी आपल्या गेमसाठी हिंटच्या पुस्तिका विकत असे, त्यातली उत्तरं अदृश्य शाईने छापलेली. सोबत मिळणारा मार्कर फिरवला की एकेक ओळ उमटायची: पहिल्या ओळीत नुसता इशारा, दुसरीत जरा स्पष्ट, अगदी शेवटी उत्तर. किती ओळी उघडायच्या ते ज्याने त्याने ठरवायचं. वॉकथ्रूची अडचण एवढीच की तो एकदम सगळं सांगून टाकतो. भाऊ म्हणतो तसं सुरुवातीपासून त्यात बघून खेळलं तर हाती राहते नुसती टाइपिंगसारखी बोटांची हालचाल. पण वीस मिनिटं अडकून चिडचिड व्हायला लागली की इशारा घ्यावा, खुशाल घ्यावा. 'थिंबलवीड पार्क'मध्येही टेलिफोनवरून हिंट मागायची सोय आहे. बनवणाऱ्यालाच ती फसवणूक वाटत नाही, तर तुम्हाला का वाटावी?

आता बाबांना काय द्यावं. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा शब्द नसलेला गेम द्या.

चेक प्रजासत्ताकातल्या अमानिता डिझाइन या स्टुडिओचे गेम जवळजवळ निःशब्द आहेत. त्यांचा 'मशिनारियम' २००९ चा. भंगारात फेकलेला एक छोटा यंत्रमानव स्वतःचे अवयव गोळा करून पुन्हा उभा राहतो, तिथून गोष्ट सुरू होते. मी तो पहिल्यांदा खेळले तेव्हा मिरजेला आत्याकडे होते. दुसऱ्याच चित्रात शहराचं फाटक, पलीकडे पहारेकरी, आणि पूल काही खाली येईना. मी पडद्यावर दूरदूरच्या वस्तूंवर बोटं आपटत होते. आत्या शेजारी वाटाणे सोलत बसली होती. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, "अगं, त्याचा हात पोचतोय का तिथं? आधी चालत ने की त्याला." खरंच, त्या गेममध्ये यंत्रमानवाचा हात जिथे पोचेल तेवढंच उचलता येतं. त्याला वर ओढलं की तो उंच होतो, खाली दाबलं की बुटका. पुढे रस्त्यावरचा शंकू निळ्या रंगात बुडवून, त्यावर दिवा बसवून पोलिसाची टोपी झाली आणि पूल खाली आला, तेव्हा आत्याने वाटाण्याचं ताट बाजूला ठेवलं ते रात्रीपर्यंत. (सुरुवातीचंच कोडं आहे म्हणून सांगितलं, पुढची सांगणार नाही.) आयुष्यात तिने एकही गेम खेळला नव्हता. वाचायचं काही नसल्याने ती आणि मी एकाच पायरीवर होतो.

तरी बाबांसाठी पहिला गेम म्हणून मी 'मशिनारियम' दुसऱ्या नंबरवर ठेवेन, कारण मध्येमध्ये त्यात पट मांडून खेळायचे डाव येतात आणि ते चांगलेच कस काढतात. त्याच स्टुडिओचा २०१२ चा 'बोटॅनिक्युला' जास्त मऊ आहे. झाडावर राहणारे पाच इवले जीव शेवटची बी वाचवायला निघतात. पानाला हात लावला तर किडा गातो, फांदीला लावला तर काहीतरी टुणकन उडतं. चुकीच्या जागी बोट लागलं तरी काहीतरी गंमत घडते, आणि नवख्याला हेच हवं असतं. दुसरा एक, जेसन रॉबर्ट्स यांचा २०१७ चा 'गोरोगोआ'. चार चौकोनांत हाताने काढलेली चित्रं, ती सरकवायची, एकमेकांवर ठेवायची, एका चित्राची खिडकी दुसऱ्यात उघडते. एका दुपारी संपतो. शब्दकोडं आवडणाऱ्या माणसाला चौकोनांची भाषा परकी वाटणार नाही.

संवादांचे मोठे गेम कायमचे बाद झाले असं मात्र नाही. ते बाबांनी एकट्याने खेळू नयेत, तुम्ही शेजारी बसून खेळावेत. १९९० च्या पहिल्या 'मंकी आयलंड'मध्ये तलवारबाजी हाताने जिंकता येत नाही, तोंडाने जिंकावी लागते. समोरच्याने टोमणा मारायचा, तुम्ही चपखल उत्तर द्यायचं, उत्तर चुकलं की एक पाऊल मागे. आपल्याकडे याला सवाल-जवाब म्हणतात! विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' रंगवलं ते तुमच्याच सांगलीत. तिथल्या माणसाला संवादाची मजा नव्याने शिकवावी लागत नाही, फक्त ते संवाद त्याच्या भाषेत पोचायला हवेत. तुम्ही वाचा, तिथल्या तिथे सांगलीच्या बोलीत सांगा, आणि कोणतं उत्तर द्यायचं ते बाबांना ठरवू द्या. टॅब त्यांच्या हातात राहू द्या. ते चुकीच्या जागी बोट ठेवतील तेव्हा तुमचा हात शिवशिवेल, तेवढा आवरा.

आईंची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, त्याआधी कितीतरी घरांनी त्या खेळांपायी पोळून घेतलं होतं. 'गेम' म्हटलं की आईच्या पोटात गोळा येणं साहजिक आहे. त्यांना एवढंच दाखवा की या खेळात पैसे लावायचे नसतात, रोज हजेरी लावली नाही तर काही बुडत नाही, आणि गोष्ट संपली की गेम संपतो. शक्य असेल तर त्यांनाही खाटेशेजारी बसवा. शब्दकोड्यात त्यांची हाक लागते, तशी इथेही लागेल.

आता तुमचं लिहिणं. थांबवू नका. पण पत्रासोबत तुम्ही जोडलेला एक अभिप्राय मी तीनदा वाचला: "भन्नाट गेम, ग्राफिक्स अप्रतिम, कोडी अवघड पण मस्त, ५ पैकी ४.५, आवर्जून खेळा." यातून तुमचा आनंद पोचतो, पण घ्यावा की नाही ते मला ठरवता येत नाही. अवघड म्हणजे कसं अवघड? सगळं समोर असून डोक्यात जुळत नाही ते, की अंधाऱ्या कोपऱ्यातली सुईएवढी किल्ली दिसतच नाही ते? पहिल्या अवघडपणासाठी लोक हे गेम खेळतात, दुसऱ्यापायी सोडतात. अडकल्यावर जेव्हा उत्तर कळलं, तेव्हा "अरेच्चा, हे तर समोरच होतं" असं वाटलं, की "हे मला कसं कळणार होतं?" असं वाटलं, एवढं एक जरी प्रामाणिकपणे लिहिलंत तरी वाचणाऱ्याचं निम्मं काम होतं.

फोनवर तर हे जास्तच लिहायला हवं. संगणकावर माउसचा बाण वस्तूवरून नुसता फिरवला तरी तिचं नाव उमटायचं, म्हणजे न दाबताही कळायचं की इथे काहीतरी आहे. बोटाला ती सोय नाही. बोट टेकवल्याशिवाय काही कळत नाही, आणि टेकवलं की तेच बोट वस्तू झाकतं. जुना गेम फोनवर आणताना बनवणाऱ्याने यावर काही उपाय केलाय का, उचलता येणाऱ्या वस्तू ठळक दिसतात का, अक्षरं मोठी करता येतात का, हे तुमच्याशिवाय तुमच्या ग्रुपला कोण सांगणार? पन्नाशीच्या मावशीला चित्रांच्या रंगापेक्षा अक्षराची उंची महत्त्वाची असते.

मी 'मशिनारियम'बद्दल लिहिलं असतं तर साधारण असं: "एक शब्दही वाचावा लागत नाही. यंत्रमानवाचा हात पोचेल तेवढंच उचलता येतं, हे आधी ध्यानात घ्या म्हणजे चिडचिड होणार नाही. गुत्त्यातला पाच-एका-ओळीचा डाव मी सात वेळा हरले. हिंट आहे, पण पूर्ण उत्तर हवं असेल तर आधी एक छोटा खेळ जिंकावा लागतो, त्यामुळे उगाच बघितलं जात नाही. टॅबवर सुख, लहान फोनवर बारीक वस्तू बोटाखाली जातात. एकदाच पैसे. दहा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून चालेल." यात आकडा दिलेला नाही, तरी कुणी घ्यावा आणि कुणी घेऊ नये ते कळतं.

कोणत्या वयाला चालेल हे सांगणारं ते शेवटचं वाक्य कधी गाळू नका. ॲमस्टरडॅमच्या रस्टी लेक या स्टुडिओचे 'क्यूब एस्केप' गेम फुकट आहेत, लहान आहेत, कोडी अफलातून आहेत. पण त्यात रक्त आहे, मृत्यू आहे, आणि एक कोंदट भीती आहे. "फुकट आहे, घ्या" एवढंच लिहिलंत आणि कुणी तो सातवीतल्या मुलाच्या हातात दिला, तर तो दोष थोडासा आपलाही. त्याच स्टुडिओचा २०२२ चा 'द पास्ट विदिन' मात्र तुम्ही आणि तुमच्या भावाने जरूर खेळावा. दोघांनी दोन फोन घ्यायचे, दोन्हीकडे गेम विकत घ्यावा लागतो. एकाला भूतकाळ दिसतो, दुसऱ्याला भविष्य, आणि एकमेकांना सांगितल्याशिवाय कुणाचंच कोडं सुटत नाही. वॉकथ्रूवरून तुमचं जे भांडण आहे ते तिथे आपोआप मिटेल, कारण दोघंही एकमेकांची हिंट असाल.

व्यवहाराचं थोडं. विकत घेण्याआधी गेमचं शेवटचं अपडेट कधीचं आहे ते बघा. २०१७ मध्ये आयओएस ११ ही आयफोनची नवी प्रणाली आली आणि जुन्या पद्धतीच्या (३२ बिटच्या) ॲपना आयफोनवर जागाच उरली नाही, अँड्रॉइडवरही जुने गेम नव्या फोनवर रुसतात. त्यामुळे चार वर्षांपूर्वी लिहिलेली तुमची शिफारस आज खोटी ठरू शकते, तेव्हा कोणत्या फोनवर, कोणत्या महिन्यात खेळलात तेही लिहा. गूगल प्लेवर घेतल्यापासून ४८ तासांच्या आत पैसे परत मागता येतात, म्हणून पहिला अर्धा तास त्याच दिवशी खेळून बघा. आणि दर तीन मिनिटांनी जाहिरात दाखवणारा गेम फुकट असला तरी बाबांना देऊ नका. विचाराची तंद्री एकदा मोडली की पुन्हा लागत नाही.

येत्या रविवारचा अभिप्राय तुम्ही लिहू नका. 'बोटॅनिक्युला' टॅबवर घालून द्या, पहिला अर्धा तास शेजारी बसा, आणि नंतर बाबांना विचारा की कुठे अडकलात आणि तिथे कसं वाटलं. ते सांगतील ते तसंच्या तसं टाइप करा. खाली नाव त्यांचं घाला.